समुद्राचं पाणी गोडं करून वऱ्हाडात आणता येईल का?

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, खारपाणपट्ट्यातल्या (जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पट्ट्यातल्या) शाळेवर असलेल्या एका तरुण गुरुजींनी विचारलं आहे. थोडक्यात असं: गावातल्या विहिरी, बोअर, हापशी सगळं खारं. नळाचं गोडं पाणी आठ-दहा दिवसांआड येतं. ग्रामपंचायतीचा आरओ प्लांट दीड वर्षापासून कुलपात आहे. गावात किडनीची दुखणीही आहेत. इस्रायल, सौदी अरेबिया समुद्राचं पाणी पितात, आपली चेन्नई पिते. मग महाराष्ट्राला एवढा किनारा असताना तेच पाणी गोडं करून पाइपलाइननं विदर्भात का आणत नाहीत?

गुरुजी, मी गेली बावीस वर्षं अकोला, बुलढाणा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांत आरओ प्लांट बसवतो आणि दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करतो. त्याआधी चार वर्षं गुजरातच्या किनाऱ्यावर एका कारखान्यात होतो. तिथं समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर माझी शिफ्ट असायची. त्यामुळे दोन्ही खारी पाणी मी हातानं हाताळली आहेत. आणता येईल का म्हणाल, तर येईल. विज्ञान कुठंच आडवं येत नाही. पण वऱ्हाडासाठी तो खटाटोप करू नये असं माझं मत आहे. त्याला कारण तुमच्या शाळेतली हापशी. तिचं पाणी समुद्राच्या फार तर पाचव्या हिश्शाइतकं खारं असेल. आपण समुद्राकडं बघत बसलो आणि हापशीखालचं सोपं गणित अवघड करून ठेवलं.

आधी समुद्राचंच सांगतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चहाच्या चमच्यानं मोजलं तर सहा-सात चमचे मीठ. ते विरघळलेलं असतं, म्हणून कापडातून, वाळूतून किंवा कँडलच्या फिल्टरमधून कितीही गाळलं तरी पाण्याबरोबर खाली उतरतं. तुरटीनं गढूळपणा बसतो, मीठ बसत नाही. आणि उकळून खारं पाणी गोडं होतं हा समज तर मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. उकळलं की पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ भांड्यातच राहतं, म्हणजे उरलेलं पाणी आणखी खारं होतं. ती वाफ धरून थंड केली तरच गोडं पाणी मिळतं. आखातातले जुने प्लांट असेच चालत. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट उष्णता लागते. तेल आणि वायू दाराशी असलेल्या देशांना ते परवडलं.

आरओचं डोकं वेगळं चालतं. लोणचं घालताना आपण कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतो आणि सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं दिसतं. फोडीच्या आतलं पाणी पातळ पेशीपडद्यातून मिठाच्या ओढीनं बाहेर येतं. ही निसर्गाची चाल: पाणी गोड्याकडून खाऱ्याकडं जातं. आरओमध्ये तसाच एक बनवलेला पडदा असतो आणि त्याच्या खाऱ्या बाजूनं आपण इतका दाब देतो की पाणी उलटं, खाऱ्याकडून गोड्याकडं जातं. मीठ पडद्याच्या अलीकडं अडतं. समुद्राच्या पाण्याची ती नैसर्गिक ओढ नुसती मोडायलाच सुमारे २७ बार दाब लागतो. म्हणजे पावणेतीनशे मीटर उंच टाकीखाली जेवढा दाब असेल तेवढा. तुमच्या गावच्या टाकीचा दाब सव्वा-दीड बार असेल. प्रत्यक्षात काम व्हावं म्हणून समुद्राचे प्लांट ५५ ते ७० बारवर चालवतात. आमच्या प्लांटवर त्या पंपाजवळ बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. एकदा स्टीलच्या जोडातून सुईएवढी धार सुटली आणि समोरच्या भिंतीचा रंग सोलून निघाला. तेव्हापासून गळती बोटानं तपासायची नाही, हे मी शिकलो.

पण तिथं आमचा खरा वेळ जायचा तो दाबात नव्हे, गाळात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी इतकी मोठी की पाणी कायम चहासारखं. पडद्याकडं जाण्याआधी ते पाणी किती स्वच्छ झालं हे तपासायला एक छोटा गोल कागद असतो, ०.४५ मायक्रॉन छिद्रांचा. ठरलेल्या दाबानं पंधरा मिनिटं त्यातून पाणी सोडायचं आणि शेवटी गाळायला किती जास्त वेळ लागला ते बघायचं. आमचे जुने फोरमन आकडा काढायच्या आधीच कागदाच्या रंगावरून सांगत. फिकट पिवळा असेल तर चालू ठेवा, चॉकलेटी झाला तर प्लांट बंद. समुद्र गोडा करणं म्हणजे निम्मं काम त्या कागदाचं.

वीज बघा. चांगला, ऊर्जा परत मिळवणारं यंत्र लावलेला आधुनिक प्लांट हजार लिटर गोड्या पाण्याला तीन ते चार युनिट खातो. आता ते पाणी वर आणायचं. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे. मुंबईहून निघालात तर आधी कसाऱ्याचा घाट चढायचा, म्हणून तापीच्या मुखापासून, सुरतेकडून खोऱ्याखोऱ्यानं वर या. तरी चारशे किलोमीटरच्या वर अंतर. पाइपच्या आतल्या घर्षणापोटी किलोमीटरला एक मीटर धरला, तर उंची मिळून सातशे मीटर पाणी ढकलण्यासारखं झालं. शंभर मीटरला पंपाची कार्यक्षमता धरून ०.३५ युनिटच्या आसपास लागतं. म्हणजे आणखी अडीच युनिट. गोडं करणं आणि आणणं मिळून हजार लिटरला सहा युनिट. युनिटला आठ रुपये धरा, अठ्ठेचाळीस रुपये झाले.

हा आकडा ऐकून माझ्या ओळखीचे एक संत्रा बागायतदार म्हणाले, "अरे, लिटरला पाच पैसे! मग अडलं कुठं?" पिण्यापुरतं खरंच अडत नाही, पाइपाचा खर्च सोडला तर. पण विदर्भात पाण्याची टंचाई म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं हंडा येत नाही, शेत येतं. एका एकराला दोन इंच पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात. अठ्ठेचाळीस रुपयांच्या हिशेबानं एका पाण्याचे साडेनऊ हजार, आणि तेही नुसत्या विजेचे. कपाशीला दोन पाणी दिली की निघालेला कापूस विजेच्या बिलावर ठेवून यायचा. त्यात चारशे किलोमीटरची लाइन कोणत्या पुढाऱ्याच्या गावावरून जाईल आणि वाटेत किती तोट्या लागतील, हा हिशेब मी मांडत नाही. तुम्ही गावात राहता, तुम्हाला तो माझ्याहून चांगला कळतो.

चेन्नईचं म्हणाल तर मिंजूरचा प्लांट २०१० पासून आणि नेम्मेलीचा २०१३ पासून चालू आहे, दोन्ही रोज दहा कोटी लिटरचे. २०२४ मध्ये नेम्मेलीला पंधरा कोटी लिटरचा आणखी एक सुरू झाला. पण ते शहरच किनाऱ्यावर आहे. पाणी वर चढवायचं नाही, आणि उरलेलं जास्त खारं पाणी समुद्रालाच परत. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर तर २००५ पासून वेगळीच युक्ती चालते. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचं आणि खोल समुद्रातल्या थंडगार पाण्यानं ती वाफ पुन्हा पाणी करायची. बेटावर दुसरा इलाजच नाही. मुंबईतही मनोरीला रोज वीस कोटी लिटरचा प्रकल्प करायचा बेत बरीच वर्षं चालला आहे. तो व्हावा असं मलाही वाटतं, पण त्यातून विदर्भाला थेंब मिळणार नाही. मुंबईचं पाणी येतं भातसा, वैतरणा, तानसेतून, आणि त्या नद्या पश्चिमेलाच वाहतात. फायदा झाला तर धरणाच्या काठी राहून टँकरची वाट बघणाऱ्या शहापूरच्या आदिवासी पाड्यांना व्हावा.

आता आपल्याकडं येऊ.

आरओ म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो, पण त्याचा पहिला व्यापारी प्लांट समुद्राच्या पाण्यावर चाललाच नव्हता. लोब आणि सौरीराजन या दोन शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात कामाचा पडदा बनवला. त्यातले सौरीराजन मूळचे आपल्याकडचे, भारतात जन्मलेले. तो पडदा वापरून १९६५ मध्ये कोअलिंगा नावाच्या, किनाऱ्यापासून आत असलेल्या गावात प्लांट बसला, तो जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यासाठी. त्या गावाला त्याआधी प्यायचं पाणी रेल्वेनं यायचं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली तेव्हा मला हे कोअलिंगा आठवलं होतं. तुमच्या गावचं दुखणं आणि या यंत्राचं जन्मकारण एकच आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधे खचलेल्या जमिनीत भरलेला शेकडो मीटर जाडीचा गाळ. इथं पूर्वी समुद्र होता असं गावोगावी सांगतात. तसं मानायची गरज नाही. चिकट काळ्या गाळातून पाण्याचा निचरा धड होत नाही, ते उन्हानं वर उडत राहतं आणि क्षार मागं राहतात. हजारो वर्षं हेच चाललं की पुरे. सातपुड्याच्या पायथ्याला, अकोट-अंजनगावच्या वरच्या अंगाला, गोट्या-दगडांच्या भरडीत गोडं पाणी आहे आणि त्यावर संत्रा, केळी उभी आहे. तिथून पूर्णेकडं थोडं उतरलं की विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. राज्य सरकारच्या 'पोकरा' या शेतीच्या प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली होती. त्यावरून पसारा कळावा.

या गावांत मी मोजलेल्या बोअरांचा टीडीएस दीड हजारापासून सहा-सात हजारांपर्यंत भरला आहे. टीडीएस म्हणजे लिटरमागं किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत तो आकडा. भारतीय मानकाप्रमाणे प्यायच्या पाण्यात तो पाचशेपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्यावा. समुद्राचा पस्तीस हजार. तुमचा तीन हजार असेल तर त्याची नैसर्गिक ओढ मोडायला दोन-सव्वादोन बार पुरतात आणि प्लांट दहा-पंधरा बारवर आरामात चालतो. हजार लिटरला दीड-दोन युनिट. दोन एचपीची मोटर, चार पडदे, एक खोली. सोलरवरही चालतो आणि बॅटरी लागत नाही: ऊन असेल तेव्हा पाणी करा आणि टाकीत साठवा.

आणि एक विनंती. पाणी खारं लागलं म्हणून बोअर आणखी खोल मारू नका. या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी खाली गेलं की खारटपणा वाढतो. गोडं असलं तर ते वरचं, पावसाळ्यातलं, खाऱ्यावर तरंगणारं. दीडशे फुटांचे तीनशे करून लोकांनी स्वतःच्या पैशानं मीठ विकत घेतलेलं मी पाहिलं आहे.

मग एवढं सोपं असताना गावोगावी प्लांटला कुलपं का? याच पट्ट्यातला एक प्रसंग सांगतो.

एका गावचा प्लांट दिवसाला पाच हजार लिटर द्यायचा, तो हजारावर आला म्हणून मला बोलावलं. शेवटचा पडदा बाहेर काढला तर हातात घेताच जड लागला. टोपण काढून आत पाहिलं. गुंडाळीच्या फटींतून पांढरी, कचकच लागणारी पूड, पाणी तापवायच्या बंबाच्या तळाला धरते तशी. पाणी एकापाठोपाठ चार पडद्यांतून जातं. प्रत्येक ठिकाणी थोडं गोडं पाणी निघून जातं आणि उरलेलं दाट होत जातं, म्हणून क्षारांची ही खर आधी शेवटच्यात धरते. ती धरू नये म्हणून थेंब थेंब औषध सोडणारा छोटा डोसिंग पंप असतो. त्याचा डबा पाहिला तर काठोकाठ भरलेला. झाकण काढून बोट बुडवलं, वास घेतला. साधं पाणी. प्लांटवरचा पोरगा खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, चार महिन्यांपासून औषध नाही आलं. डब्बा रिकामा दिसला तं सगळे मलेच बोलते, म्हून म्या पानीच भरून ठेवलं." औषधाचं बिल मंजुरीत अडकलं होतं. किती रुपयांचं? बाराशे. त्यात गेलेले पडदे चार, एकेक दहा-बारा हजारांच्या घरातला.

त्या पोरावर मला राग आला नाही. महिन्याला अडीच हजारावर ठेवलेला, तेही तीन-तीन महिने थकलेले. यंत्र बसवायला पैसा येतो, त्याचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. डोसिंगच्या डब्याचं उद्घाटन होत नाही.

हजार वस्तीच्या गावाचा हिशेब करून बघा. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर म्हणजे दिवसाला पाच हजार लिटर. वीस लिटरचा कॅन पाच रुपयांना दिला आणि रोज नुसते शंभर कॅन गेले तरी महिन्याला पंधरा हजार येतात. त्यातून माणसाला आठ हजार द्या, औषध-कार्ट्रिजला दीड, विजेला दोनेक हजार, आणि पडदे तीन वर्षांनी बदलायचे म्हणून दरमहा दीड हजार बाजूला टाका. बसतं. पण कधी? तो पैसा वेगळ्या खात्यात राहिला तर. तो गावाच्या बाकीच्या खर्चात मिसळला किंवा निवडणुकीच्या वर्षी कुणी 'पाणी फुकट' म्हणून टाळ्या मिळवल्या, की पुढचा उन्हाळा प्लांट बघत नाही. बचत गटाच्या बायांकडं चावी असलेले प्लांट जास्त टिकतात, हे माझं बावीस वर्षांचं निरीक्षण आहे. कारण साधं आहे. प्लांट बंद पडला की हंडा डोक्यावर त्यांच्याच येतो.

आता माझी स्वतःची चूक. ही बाजू मला सगळ्यात जास्त बोचते, आणि आरओ विकणारे तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

दहा हजार लिटर खारं पाणी आत घेतलं तर पाच हजार गोडं मिळतं आणि पाच हजार बाहेर टाकावं लागतं. आम्ही त्याला रिजेक्ट म्हणतो. आत घेतलेलं तीन हजार टीडीएसचं असेल तर हे सहा हजारांच्या जवळ जातं. समुद्राच्या प्लांटचं रिजेक्ट समुद्रात जातं, तिथंही ते नीट पसरवून सोडावं लागतं. खारपाणपट्ट्यात कुठं सोडायचं? बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात मी ते बिनधास्त मागच्या नालीत सोडलं. नाली पुढं एका माणसाच्या तुरीच्या धुऱ्याला लागत होती. दुसऱ्या वर्षी दुरुस्तीला गेलो तर तो माणूस काही न बोलता मला शेतात घेऊन गेला. धुऱ्यापासून आठ-दहा ओळी तूर गुडघ्याएवढीच, पानं कडेनं जळालेली, आणि जमिनीवर पांढरा फुफाटा. खाली बसून त्यानं ढेकूळ उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. सिमेंटसारखं कडक. सोडियमनं जमीन चोपण झाली होती. "तुमच्या पान्यानं गाव प्यालं भाऊ," तो म्हणाला, "माह्या तुरीले भोवलं." आम्ही ती नाली वळवली आणि जिप्सम आणून टाकलं, पण त्या दहा ओळींत पुढची दोन वर्षं धड पीक आलं नाही.

तेव्हापासून रिजेक्टची जागा दाखवल्याशिवाय मी प्लांटचं काम घेत नाही. सार्वजनिक संडासाच्या टाकीत काही खपतं, रस्त्यावर धूळ मारायला काही. उरलेल्याला उथळ, प्लॅस्टिक अंथरलेलं तळं करून उन्हात आटवायचं. वर्षाला पाऊस वजा जाता सव्वा मीटर पाणी उडतं असं धरलं, तर रोजच्या पाच हजार लिटरला पंधरा गुंठे जागा लागते. गावठाणात पंधरा गुंठे मोकळे काढणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून प्लांट लहान ठेवा, प्यायच्या पाण्यापुरताच. भांडी, धुणं, गुरं आहे त्या पाण्यावर. आंघोळीलाही आरओ देणारी योजना कुणी आणली तर आधी विचारा, रिजेक्ट कुठं नेणार?

इथं टीडीएस मीटरचा एक घोळ सांगतो. पेनासारखा मीटर पाण्यात बुडवला आणि ३० आकडा आला की गाव खूश. विकणाराही मुद्दाम तेवढा खाली आणतो. इतकं खाली न्यायची गरज नसते. थोडं गाळलेलं मूळ पाणी मिसळून दीडशे-दोनशेवर ठेवलं तर चव येते आणि रिजेक्टही कमी होतं. पण ते मूळ पाणी आधी प्रयोगशाळेत तपासलेलं हवं. कारण हा मीटर नायट्रेट वेगळं दाखवत नाही, फ्लोराइड वेगळं दाखवत नाही, आणि जंतू तर मुळीच दाखवत नाही. ३० टीडीएसच्या पाण्यानं हगवण लागलेली मी पाहिली आहे. कॅन आतून हिरवा होता. किडनीच्या दुखण्याबद्दलही तुम्ही लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही, आणि खाऱ्या पाण्यानंच ते होतं असं छातीठोक सांगणार नाही. पण ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो, ते आयुष्यभर प्यावं असंही मी कुणाला म्हणणार नाही.

आता माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतो. तुमच्या शाळेवर टिनं असतील. पंचवीस चौरस मीटर टिनावर, म्हणजे दोन खोल्यांच्या घरावर, साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के धरला, तर पंधरा हजार लिटर पाणी मिळतं. टीडीएस जवळजवळ शून्य. पाच माणसांच्या घराला प्यायला-रांधायला रोज पंचवीस लिटर. पावसाळा संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंतचे आठ महिने काढायला सहा हजार लिटर पुरतात. म्हणजे सात-आठ हजार लिटरची झाकलेली टाकी. पहिले दोन पाऊस टिनं धुवायला सोडून द्यायचे, तोंडाला जाळी, उजेड आत जाऊ द्यायचा नाही, क्लोरीनचे थेंब मोजून. यात पडदा नाही, रिजेक्ट नाही, डोसिंगचा डबा नाही. पूर्वी राजस्थानच्या वाळवंटात लोक असंच जगले आणि आपल्याहून निम्म्या पावसावर जगले. खारपाणपट्ट्यात हे घरोघर का झालं नाही याचं मला खरोखर नवल वाटतं. एक कारण असं असावं की छपराच्या पाण्याला कंत्राटदार नाही.

आणि मोठ्या योजनांचं म्हणाल तर तुमच्या उत्तरेलाच वान आहे, शहानूर आहे. सातपुड्याच्या पायथ्याची ही धरणं तुमच्या गावापेक्षा उंच आहेत, पाणी बरंचसं उतारानंच येतं. समुद्रापासून सातशे मीटर ढकलण्यापेक्षा त्या नळाचं पाणी आठ-दहा दिवसांऐवजी तीन दिवसांआड कसं येईल यासाठी ग्रामसभेत भांडणं केव्हाही स्वस्त. वैनगंगा-नळगंगा जोडणीचं स्वप्न ४२६ किलोमीटरचं आहे. ती झाली तर शेतीला उपयोग होईल, पण प्यायच्या पाण्यासाठी तिची वाट बघत बसू नका.

शेवटी तुमचा बंद प्लांट. दीड वर्ष बंद म्हणजे पडदे एकतर वाळले असतील किंवा आत जंतूंचा बुळबुळीत थर कुजला असेल. बहुतेक बदलावेच लागतील, चाळीस-पन्नास हजार धरून ठेवा. पण नवे आणायच्या आधी जुने का गेले ते बघा, नाहीतर नवेही त्याच वाटेनं जातील. शेवटच्या नळकांड्यातला पडदा काढा, टोकाची पांढरी पूड चमच्यानं खरवडून बशीत घ्या आणि वर लिंबू पिळा. फेस आला तर तो चुना आहे, म्हणजे औषधाचा डबा रिकामा होता. डोसिंग नीट केलं की नवे पडदे तीन वर्षं जातील. फेस आला नाही, तर बोअरच्या पाण्यातच जिप्सम किंवा सिलिका जास्त आहे. मग पन्नास टक्के गोडं काढायचा हट्ट सोडून पस्तीस-चाळीसवर यावं लागेल आणि तेवढं रिजेक्ट वाढेल. बशीत काय झालं ते कळवा आणि सोबत बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा कागद पाठवा. त्यात कडकपणा, सल्फेट आणि सिलिका हे तीन आकडे आहेत का तेवढं आधी बघून घ्या. तिसरा बहुतेक वेळा नसतो, तो मागून घ्यावा लागतो.